चाकांवरचा पाया

घर बांधायला निघालेला माणूस आधी पाया खणतो आणि मग खिडक्या-दारांचा विचार करतो. घर चाकांवर बांधायचे असले की मात्र हा क्रम बहुतेकांच्या मनात उलटा होतो. अमेरिकेत मोटारीमागे जोडून न्यायच्या छोट्या फिरत्या खोलीला कॅम्पर म्हणतात. असा कॅम्पर घरच्या गॅरेजमध्ये स्वतःच्या हाताने बांधणारे हौशी लोक तिकडे पुष्कळ आहेत. हिवाळ्यात काम हाती घ्यायचे आणि उन्हाळ्याच्या सुटीत बायकामुलांना घेऊन एखाद्या तळ्याकाठी मुक्कामाला जायचे, असा बेत असतो. बेत ठरला की चर्चा सुरू होते ती गादी केवढी घ्यावी, खिडकी कुठे काढावी, शेगडी कुठे मावेल आणि पडदे कोणत्या रंगाचे असावेत याची. या सगळ्याच्या खाली जी लोखंडाची चौकट असणार, तिच्याकडे लक्ष जाते ते सर्वांत शेवटी, कारण ती कोणाला दिसायची नसते.

आणि रस्त्याला लागल्यानंतर त्या घराचे, मोटारीत बसलेल्यांचे आणि समोरून येणाऱ्या परक्या माणसांचेही बरेवाईट अवलंबून असते ते याच चौकटीवर. भिंतीचा तक्ता चुकला तर तो काढून पुन्हा लावता येतो. चौकट चुकली तर वरचा सारा डोलारा उतरवावा लागतो. तेवढा धीर बहुतेकांना राहिलेला नसतो आणि मग दोष पोटात घेऊनच गाडी रस्त्यावर जाते. ट्रेलरची चौकट कशी निवडावी आणि तिचे काम कसे पुरे करावे, हा प्रश्न वरवर लोहार-सुताराचा वाटेल. पण मुळात तो जबाबदारीचा आहे.

प्लायवूडच्या मापाचे घर

या हौसेला जवळजवळ शंभर वर्षांचा इतिहास आहे. १९३० च्या दशकात अमेरिकेत मोटारी सामान्य घरांपर्यंत पोचल्या होत्या; मंदीमुळे हॉटेलात उतरण्याइतका पैसा मात्र अनेकांच्या हाती नव्हता. हातकामाला वाहिलेल्या मासिकांतून त्या काळी ट्रेलर बांधण्याचे आराखडे छापून येऊ लागले. पुढे ‘एअरस्ट्रीम’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या चकचकीत ॲल्युमिनियमच्या ट्रेलरांचा निर्माता वॉली बायम यानेही सुरुवात केली ती असे आराखडे टपालाने विकूनच. स्वयंपाकघर असल्याशिवाय आपण तंबूच्या सहलीला येणार नाही, असे त्याच्या पत्नीने बजावले आणि त्यातून त्याचा पहिला फिरता निवारा तयार झाला, अशी कथा सांगतात. त्या दशकात ही लाट एवढी जोरात होती की वीस वर्षांत निम्मी अमेरिका ट्रेलरमध्ये राहू लागेल, असे भाकीत रॉजर बॅबसन या नामवंत आकडेतज्ज्ञाने केले होते. ते खरे ठरले नाही, पण वारे कुठल्या दिशेने वाहत होते ते त्यावरून समजते.

याच काळात ‘टीअरड्रॉप’ हा प्रकार रूढ झाला. नावाप्रमाणे त्याचा आकार अश्रूच्या थेंबासारखा असतो. पुढे गोलसर, मागे निमुळता. आत दोन माणसे झोपतील एवढीच जागा असते, उभे राहता येत नाही. स्वयंपाक करायचा तो बाहेर उभे राहून, मागची झडप वर उचलून. ‘मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड’ या मासिकाने सप्टेंबर १९४७ च्या अंकात अशा कॅम्परचा आराखडा छापला. तो समोर ठेवून बांधणारे लोक आजही आहेत.

या घराचे माप मुळात प्लायवूडने ठरवले. प्लायवूडचा तक्ता ४ फूट रुंद आणि ८ फूट लांब मिळतो. एवढ्या जागेत दोन माणसे झोपतात. बाजारात मिळणारी छोट्या ट्रेलरची तयार चौकटही नेमकी याच मापाची असते. ५ फूट रुंदीचा कॅम्पर अर्थातच ऐसपैस होतो. पण ४ फुटांत राहिले की जमिनीचा तक्ता अखंड राहतो. सांधा नाही म्हणजे पाणी झिरपायला वाट नाही, आणि लाकडी घराच्या आयुष्याचा विचार करता ही लहान सोय नव्हे.

वाहन म्हणजे नेमके काय?

चौकटीचे महत्त्व कायद्यानेही ओळखलेले आहे. आपला १९८८ चा मोटार वाहन कायदा ‘मोटार वाहन’ या शब्दाची व्याख्या करताना दोन गोष्टी आवर्जून त्यात घेतो. एक, ज्यावर अजून बॉडी चढवलेली नाही असा चेसिस, आणि दुसरी, ट्रेलर. म्हणजे कायद्याच्या नजरेत नुसता सांगाडा हेही वाहनच आहे. अमेरिकेत नियम राज्याराज्यांत वेगळे असले तरी दृष्टी हीच आहे. ओळख क्रमांक असतो तो चौकटीवर ठोकलेला. वर खोके प्लायवूडचे बसवा की ॲल्युमिनियमचे, कागदपत्रे चौकटीचीच असतात. चौकट स्वतः बनवली तर अनेक राज्यांत तिची तपासणी होते आणि मग सरकारकडून नवा क्रमांक मिळतो. जुना ट्रेलर स्वस्तात मिळाला, पण त्याचे कागद हरवले आहेत, अशा व्यवहारात स्वस्ताई पुष्कळदा कचेरीच्या खेटांत संपते. म्हणून जाणते लोक गंज पाहण्याआधी कागद पाहतात.

तीन वाटा

चौकट मिळवण्याच्या वाटा तीन. पहिली, दुकानातून खोक्यात भरून येणारी, नट-बोल्टांनी जोडायची नवी चौकट. तिच्यावर निर्मात्याची पट्टी असते, किती भार चालेल ते त्यावर लिहिलेले असते आणि कागद स्वच्छ असतात. उणे एवढेच की पोलाद पातळ असते आणि सामान वाहण्यासाठी बनवलेल्या या चौकटीवर कायमचे घर बसणार आहे, याचा विचार निर्मात्याने केलेला नसतो. काही चौकटी अर्ध्यात दुमडून भिंतीला उभ्या करता येतात. कॅम्परसाठी ती सोय निरुपयोगी असते; उलट बिजागरीचा तो सांधा पक्का करून घ्यावा लागतो. प्रत्येक बोल्टला आपोआप न सुटणारा नट लावावा आणि पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा आवळावेत, हा नियम बिनतक्रार पाळायचा असतो.

दुसरी वाट जुन्याची. कापड कुजलेला घडीचा तंबू-ट्रेलर किंवा कोणाच्या परसात पडून राहिलेला होडीचा ट्रेलर मिळतो. तंबू-ट्रेलरची चौकट मुळात माणसांचा निवारा वाहण्यासाठीच केलेली असल्याने ती कॅम्परला साजते आणि पुष्कळदा तिला ब्रेकही असतात. होडीच्या ट्रेलरचे तसे नाही. त्याची ठेवण होडीच्या बुडासाठी केलेली असते. इंजिन होडीच्या शेपटाला असल्याने बहुतेकदा ॲक्सलही बराच मागे असतो. त्यावर सपाट जमीन बसवायची म्हणजे निम्मी चौकट नवी करण्यासारखे आहे. शिवाय तो पाण्यात बुडवला गेलेला असतो. बेअरिंगमध्ये पाणी शिरले होते की काय, हे चाक उतरवल्याशिवाय कळत नाही.

जुनी चौकट विकत घेताना नव्या रंगावर भुलू नये. हातोडीने ठिकठिकाणी हलके ठोकावे. निरोगी पोलाद खणखणीत वाजते, गंजाने खाल्लेले बद्द वाजते. कमानपाट्यांचे टोक जिथे चौकटीला अडकवलेले असते ती जागा आणि दांडी जिथे चौकटीतून बाहेर पडते ती जागा, या दोन ठिकाणी तडे आधी दिसतात. टायरवरची नक्षी शाबूत असली तरी टायर चांगला असेलच असे नाही. उभ्या उभ्या ट्रेलरचा टायर झिजण्याआधी म्हातारा होतो. अमेरिकी टायरच्या बाजूवर कोरलेल्या क्रमांकातले शेवटचे चार आकडे तो कोणत्या आठवड्यात आणि कोणत्या वर्षी बनला ते सांगतात.

तिसरी वाट स्वतः वेल्डिंग करण्याची. मनासारखे माप मिळते, पण ती वाट ज्याचा हात वेल्डिंगवर बसलेला आहे त्याचीच. शोभेची जाळी आणि ट्रेलरची दांडी यांत फरक आहे. जाळीचा जोड सुटला तर जाळी पडते. दांडीचा जोड सुटला तर अर्धा टन वजनाचे घर बेवारस रस्त्यावर धावू लागते.

कोणतीही वाट धरली तरी चौकट काटकोनात आहे की नाही हे तपासावेच लागते. आपले गवंडी खोलीची आखणी करताना समोरासमोरच्या कोपऱ्यांना दोरी लावून दोन्ही कर्ण मोजतात. इथेही तेच करायचे. दोन कर्ण सारखे भरले तर चौकट गुण्यात आहे. ॲक्सलही दांडीच्या टोकापासून दोन्ही बाजूंनी सारख्याच अंतरावर हवा. तो जरा तिरका बसला तर ट्रेलर आयुष्यभर खेकड्यासारखा चालतो आणि टायर खात राहतो.

आधी वजन, मग पोलाद

हौशी माणसाचा एक ठाम समज असतो की चौकट जेवढी दणकट तेवढी चांगली. पण तसे नसते. ॲक्सल आणि कमानपाटे ठरावीक भारासाठी बनवलेले असतात. अमेरिकेत सहज मिळणारा ॲक्सल ३,५०० पौंडांचा, म्हणजे सुमारे १,६०० किलो भाराचा. त्यावर ५०० किलोचा कॅम्पर बसवला तर पाटे लवतच नाहीत. रिकामा ट्रक खड्ड्यात जसा आदळतो तसे घर आदळत राहते, कपाटांचे स्क्रू ढिले होतात आणि प्लायवूडचे सांधे उघडतात. अशा वेळी पाट्यांतले एखाद-दोन पान काढून टाकतात किंवा नेमक्या भाराचा ॲक्सल मागवतात. चौकोनी नळीत रबराच्या दांड्या बसवलेला, पाटे नसलेला ॲक्सलही मिळतो. तो महाग असतो, पण लहान कॅम्परला त्याची चाल मऊ पडते.

म्हणजे चौकट निवडण्याआधी घराचे वजन कागदावर मांडायला हवे. एक उदाहरण घेऊ. समजा, चौकट, चाके आणि दांडी मिळून १२० किलो, वरचे लाकडी घर २५० किलो आणि गादी, शेगडी, बॅटरी, कपडे, शिधा, चाळीस लिटर पाणी मिळून १५० किलो. एकूण ५२० किलो. ब्रिटनमध्ये आणि युरोपात ७५० किलोपर्यंतच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसले तरी चालतात. अमेरिकेत ही मर्यादा प्रत्येक राज्याची वेगळी. आपले घर त्या मर्यादेच्या आत बसते की बाहेर, मोटारीची ओढण्याची क्षमता तेवढी आहे की नाही, हे सारे या एका बेरजेवरून ठरते. हे गणित करायला तासभर पुरतो. ते न करता चौकट आणणारे मात्र पुढे कित्येक महिने तिच्याशी झगडत बसतात.

उलाळ गाडी

वजन किती याच्याइतकाच ते कुठे आहे हा प्रश्न महत्त्वाचा आहे. आणि हा मुद्दा आपल्याला समजावून सांगायला इंग्रजी पुस्तकांची गरज नाही. बैलगाडीत मागच्या बाजूला जास्त ओझे भरले की जू वर उचलले जाते. गाडी उलाळ झाली, असे आपल्याकडे म्हणतात. पुढे जास्त भरले की सगळा भार बैलांच्या मानेवर येतो. शहाणा गाडीवान पोती रचतानाच असा तोल साधतो की जुवावर थोडासा भार राहील. अगदी नाही असेही नको आणि बैल वाकतील इतकाही नको.

ट्रेलरचे शास्त्र हेच आहे. मोटारीच्या मागे लोखंडी गोळा असतो आणि ट्रेलरच्या दांडीच्या टोकाला त्यावर बसणारी वाटी असते. त्या गोळ्यावर ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार पडावा, असा अमेरिकेतला दंडक आहे. आपल्या ५२० किलोच्या उदाहरणात हा भार ५२ ते ७८ किलो होतो. भार फार वाढला तर मोटारीचे शेपूट दबते, पुढची चाके हलकी होतात आणि सुकाणू नीट लागत नाही. कमी पडला तर धोका याहून मोठा. वाऱ्याचा झोत आला किंवा शेजारून मोठा ट्रक वेगाने गेला की ट्रेलर डावी-उजवीकडे झोके घेऊ लागतो. तोल बरोबर असेल तर ते झोके आपोआप विरतात. तोल बिघडलेला असेल तर वेगाबरोबर ते वाढत जातात आणि शेवटी ट्रेलर मोटारीलाच ओढून नेतो. अशा वेळी घाबरून मोटारीचा ब्रेक करकचून दाबला तर परिस्थिती आणखी बिघडते. पाय हळूच पेडलवरून काढावा, सुकाणू सरळ धरावे आणि ट्रेलरला विजेचे ब्रेक असतील तर फक्त तेच हाताने लावावेत, असे शिकवले जाते.

टीअरड्रॉपची गोम अशी की त्याचे स्वयंपाकघर मागे असते. शेगडी, भांडी, बर्फाची पेटी, पाणी ही सगळी जड मंडळी ॲक्सलच्या मागे गोळा होतात. आकडे मांडले की धोका स्पष्ट दिसतो. ॲक्सलपासून गोळ्यापर्यंत ३ मीटर अंतर आहे आणि सारे सामान भरल्यावर घराचा गुरुत्वमध्य ॲक्सलच्या ३५ सेंटिमीटर पुढे आहे असे धरू. गोळ्यावर भार येतो सुमारे ६० किलो, म्हणजे ठीक. आता २० किलोची बॅटरी ॲक्सलच्या एक मीटर पुढे होती, ती सोयीसाठी एक मीटर मागे नेली. भार १३ किलोंनी घटून ४७ वर आला, म्हणजे १० टक्क्यांच्या खाली. मग पाण्याची ४० लिटरची टाकीही तशीच पुढून मागे नेली. आणखी जवळजवळ २७ किलो गेले, उरले अवघे २० किलो. घराच्या एकूण वजनात एका ग्रॅमचाही फरक पडलेला नाही, पण दोन वस्तूंची जागा बदलताच गाडी उलाळ होण्याच्या बेतात आली.

म्हणूनच टीअरड्रॉप बांधणारे ॲक्सल मधोमध न ठेवता थोडा मागे सरकवतात आणि बॅटरी पुढे दांडीवर ठेवतात. दांडी लांब असली तर चालही स्थिर राहते आणि गाडी मागे घेणेही सोपे जाते. दांडीवरचा भार मोजायला घरातला वजनकाटा पुरतो. सामान भरून, ट्रेलर सपाट जागी ठेवून, चाकांना अडसर लावून, दांडीचे टोक मोटारीला जोडल्यावर जितक्या उंचीवर असेल तितक्याच उंचीवर काट्यावर टेकवायचे. ॲक्सल कायमचा पक्का करण्यापूर्वी घराचे सामान अंदाजाने चौकटीवर मांडून हा प्रयोग करून पाहणारा माणूस पुढचे अनेक मनस्ताप वाचवतो.

भोक कुठे पाडावे

चौकट घरी आली की तिला भोके पाडावी लागतात. घर बसवण्यासाठी, तारा नेण्यासाठी, दिव्यांसाठी. हात कुठेही ड्रिल टेकवायला शिवशिवतो. पण भार पडून पट्टी वाकते तेव्हा तिची वरची कड आणि खालची कड यांवर ताण सर्वांत जास्त असतो. मधल्या उंचीवर तो जवळजवळ नसतोच. म्हणून भोक पाडायचे ते उभ्या बाजूच्या मध्यावर. वरच्या किंवा खालच्या कडेला पाडलेले भोक किंवा आडवा मारलेला वेल्डिंगचा टाका तडा सुरू व्हायला जागा करून देतो. दांडी चौकटीतून जिथे बाहेर पडते तिथे तर दांडीच्या खालच्या कडेवर आडवे वेल्डिंग करूच नये. रस्त्याच्या प्रत्येक खड्ड्याबरोबर ती जागा वाकते आणि सरळ होते. तार एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा वाकवली की ती तुटते, तसेच हे आहे. फक्त वेळ जास्त लागतो.

गंजाशी सामना

यानंतर रंगाचे काम. अमेरिकेच्या उत्तर भागात हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकतात. कोकणात खाऱ्या वाऱ्याने खिडकीच्या गजांचे काय होते हे आपण पाहतो. तिकडे ते मीठ चाकांनी उडवलेल्या पाण्यातून थेट चौकटीच्या पोटावर फवारले जाते.

पोलादाला आधी धुऊन तेलकटपणा काढायचा आणि मगच घासायचे. उलट केले तर तेल घासून सगळीकडे पसरते. कारखान्यातून निघतानाच पोलादावर एक निळसर-काळा पापुद्रा असतो. तो गुळगुळीत असल्याने रंगाला चांगला वाटतो, पण पुढे तोच रंगासकट सुटतो. म्हणून तारेच्या ब्रशने, पॉलिश पेपरने तो खरवडून काढायला हवा. मग प्रायमर, तो वाळला की वरचा रंग. नुसता प्रायमर मारून चौकट महिनोन् महिने पावसात ठेवणे व्यर्थ आहे. प्रायमर पाणी अडवत नाही, वरच्या रंगाला धरून ठेवणे हे त्याचे काम.

यापेक्षा टिकाऊ उपाय म्हणजे जस्ताचा मुलामा. सुमारे ४५० अंश सेल्सियसच्या वितळलेल्या जस्तात अख्खी चौकट बुडवतात. जस्ताचा गुण असा की ओरखडा पडला तरी ते स्वतः झिजून पोलादाला वाचवते. पण सगळे कापणे, भोके पाडणे आणि वेल्डिंग बुडवण्याआधी संपलेले पाहिजे. नळ्या बंद तोंडाच्या असतील तर त्यांना हवा जायला छिद्रे ठेवावीच लागतात, नाही तर आत अडकलेल्या ओलाव्याची वाफ होऊन नळी फुटते. आणि मुलामा दिलेल्या चौकटीवर नंतर वेल्डिंग करू नये. जस्ताचा धूर नाकात गेला की काही तासांत थंडी वाजून ताप भरतो.

चौकोनी नळी बाहेरून सुंदर दिसते, पण गंज तिला आतून खातो. सर्वांत खालच्या जागी पाणी निघून जायला छिद्र हवे. उघडा अँगल किंवा चॅनल दिसायला ओबडधोबड, पण त्याच्या प्रत्येक बाजूला ब्रश पोचतो. लाकूड आणि पोलाद यांच्यामध्येही काही तरी पडदा हवा. वाळवी-बुरशी लागू नये म्हणून तांब्याची संयुगे मुरवलेले लाकूड अमेरिकेत सर्रास मिळते; ते ओले झाले की पोलाद आणि ॲल्युमिनियम दोन्ही खाते. ॲल्युमिनियमचा पत्रा उघड्या पोलादावर टेकला आणि मध्ये खारे पाणी आले तरी हाच प्रकार. एक रबराची पट्टी मध्ये घातली की हे टळते.

रंग सगळीकडे मारायचा, पण एक जागा मात्र खरवडून कोरी ठेवायची. ती म्हणजे दिव्यांची अर्थची तार चौकटीला जोडण्याची. ट्रेलरचे दिवे लुकलुकतात, डावा लावला की उजवाही मंद पेटतो, अशा तक्रारींच्या मुळाशी पुष्कळदा बल्ब नसतोच. रंगावरच बसवलेली अर्थची तार असते. तिथे धातूला धातू भिडवून वरून ग्रीसचा हात फिरवला की काम झाले. याच टप्प्यावर सुरक्षेच्या दोन साखळ्या बसवायच्या, आणि त्या दांडीखालून एकमेकींना ओलांडून मोटारीला अडकवायच्या. वाटी गोळ्यावरून निसटली तर दांडी जमिनीत घुसण्याऐवजी या साखळ्यांच्या झोळीत पडते.

घर खरेच चाकांवर असते तेव्हा

एका सुटीच्या हौसेसाठी एवढी काळजी कशाला, असे कोणी म्हणेल. पण ती नेहमी हौसच असते असे नाही. २००८ च्या मंदीनंतर अमेरिकेत घरे आणि बचत गमावलेली अनेक वयस्क माणसे गाड्यांत आणि ट्रेलरांत राहू लागली. कामाच्या हंगामाप्रमाणे ती एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जातात. जेसिका ब्रूडर या पत्रकार बाईंनी २०१७ मध्ये ‘नोमॅडलँड’ या पुस्तकात त्यांची हकीकत लिहिली. त्यावरच्या चित्रपटाला २०२१ मध्ये ऑस्कर मिळाले. अशा माणसाच्या दृष्टीने चौकटीला गेलेला तडा म्हणजे बुडालेली सुटी नव्हे. ते त्याचे कोसळलेले घर असते.

आणि आपल्याकडे? महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. त्यामुळे फिरती घरे आपल्या रस्त्यांवरही दिसू लागतील. पण ट्रेलर आपल्याला नवा नाही. गळिताचा हंगाम सुरू झाला की पश्चिम महाराष्ट्रातल्या रस्त्यांवर एकामागे एक दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर आणि तोडणी कामगारांच्या टायरगाड्या रात्रंदिवस धावतात. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही किंवा आहे तो धुळीने झाकलेला, अशा ट्रॉलीवर अंधारात मोटारसायकल आदळल्याच्या बातम्या दर हंगामात येतात. बीडहून किंवा नगरहून कारखान्यावर निघालेली कुटुंबे बायकापोरे, भांडीकुंडी, शेळ्या-कोंबड्यांसह अशाच ट्रॉल्यांतून प्रवास करतात. त्या प्रवासापुरते तेच त्यांचे चाकांवरचे घर असते. त्या ट्रॉलीची जोडपिन, तिची साखळी, मागचा लाल दिवा यांची काळजी घेणे म्हणजे अमेरिकेतल्या गॅरेजमधला तो हौशी माणूस घेतो तीच काळजी. फरक एवढाच की त्याची चौकट त्याची स्वतःची असते, तर ट्रॉलीत बसलेल्या बाईला ती तपासण्याचा अधिकारही नसतो आणि सवडही नसते. म्हणून ती ज्याच्या मालकीची आहे आणि जो ती ओढतो, त्यांच्यावर ही जबाबदारी दुप्पट येते.

कॅम्पर बांधणाऱ्यांत एक चांगली रीत आहे. पहिल्या प्रवासाच्या आदल्या दिवशी, पडदे लावून आणि गादी घालून झाल्यावर, बांधणारा एक पोते अंथरून गाडीखाली उताणा शिरतो आणि बॅटरीच्या उजेडात एकेक बोल्ट हाताने चाचपतो. चाकाला हात लावून पाहतो, साखळी ओढून पाहतो, कोणाला तरी मोटारीत बसवून दिवे लावून पाहतो. अर्ध्या तासाचे हे काम. ते झाल्यावर बाहेर येऊन तो कपडे झटकतो, आणि मगच घरच्यांना सामान भरायला सांगतो.